आई-बाबांना ओटावाचा रिडो कालवा दाखवायचाय, तिकीट कुठल्या महिन्याचं काढू?

तुमचा प्रश्न असा आहे: आई-बाबा बारामतीहून पहिल्यांदाच ओटावाला येणार, सहा महिने राहणार. आईंचे गुडघे दुखतात. बाबा पाटबंधारे खात्यात पाटकरी म्हणून लागले आणि कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. लोक ज्याच्यावर स्केटिंग करतात तो कालवा त्यांना बघायचाच आहे. तर कुठला महिना चांगला?

मी या शहरात एकोणीस वर्षं राहतोय. त्यातली बारा वर्षं भारतातून आलेल्या पाहुण्यांना या कालव्याकाठी पायी फिरवण्याचं काम करतोय. महिना विचारणारे सगळेच असतात, पण ‘बाबा पाटकरी होते’ हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या एका वाक्यामुळे माझं नेहमीचं उत्तर बदललंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रश्न नीट मांडू. हिवाळा चांगला की उन्हाळा, असा हा प्रश्न नाही. हा कालवा ऋतूंपेक्षा पाण्याच्या पातळीवर चालतो. मे महिन्याच्या मध्यावर, व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीच्या सुमाराला, नावांसाठी तो खुला होतो आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, थँक्सगिव्हिंगला, बंद होतो. या तारखा दरवर्षी एखाद-दोन दिवस इकडेतिकडे होतात, पण ठरलेल्या असतात. त्यानंतर शहरातल्या भागातलं पाणी उतरवतात. उरलेल्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात बर्फ धरतो आणि एप्रिलच्या अखेरीपासून पुन्हा पाणी भरायला घेतात. म्हणजे पाण्याचा कालवा तारखेवर मिळतो, बर्फाचा कालवा मात्र तारखेवर मिळत नाही. तिकीट काढायच्या आधी एवढं मनात पक्कं करा.

हे मी अनुभवावरून सांगतोय. पुण्याच्या एका कुटुंबाने मला विचारलं होतं, तेव्हा मी बिनधास्त सांगितलं होतं की फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरा, बर्फ हमखास असतो. ते २०२३ साल होतं. १९७१ साली हा बर्फाचा रस्ता सुरू झाला, तेव्हापासून जे कधी घडलं नव्हतं ते त्या हिवाळ्यात घडलं, तो एकही दिवस उघडला नाही. त्या घरची आजी कानटोपी घालून काठावर लाल निशाणाकडे बघत उभी राहिली. वरून सगळं पांढरं दिसत होतं, पण बर्फ माणसाचं वजन पेलण्याइतका जाड नव्हता. मला फार वाईट वाटलं, कारण भरवसा मीच दिला होता. पुढच्या हिवाळ्यातही जेमतेम काही दिवसच मिळाले. मग २०२५ मध्ये ११ जानेवारीला, ऐन संक्रांतीच्या तोंडावर, तो उघडला आणि पन्नासहून अधिक दिवस चालला. त्या वर्षी आम्ही तिळाच्या वड्यांचे डबे घेऊन बर्फावर गेलो होतो. दोन्ही टोकं अशी बघितल्यामुळे आता बर्फाबाबत मी कुणालाही शब्द देत नाही.

बर्फाचं गणित बाबांना नक्की आवडेल. पृष्ठभाग उघडायला साधारण ३० सेंटिमीटर जाडीचा चांगला बर्फ लागतो आणि तो धरायला उणे १० ते उणे २० अंशांची थंडी दहा-पंधरा दिवस सलग पडावी लागते. थंडी पडली पण वर भुरभुरीत बर्फ साचला, तर काम बिघडतं, कारण तो थर गोधडीसारखा असतो. खालच्या पाण्याची ऊब तो बाहेर पडू देत नाही. म्हणून माणसं तो थर सतत बाजूला सारतात, भोकं पाडून जाडी मोजतात आणि रात्री वरून पाणी सोडून नवा थर चढवतात. पिकाला पाणी द्यावं तसं बर्फाला पाणी देतात, असं मी पाहुण्यांना सांगतो. रस्ता ७.८ किलोमीटरचा आहे, शहराच्या मध्यातल्या नॅशनल आर्ट्स सेंटरपासून कार्लटन विद्यापीठाजवळच्या हार्टवेल्स लॉकपर्यंत (लॉक म्हणजे पाण्याची पातळी बदलून नाव चढवणारं-उतरवणारं दारांचं कुंड, त्याबद्दल पुढे सांगतो). प्रवेशाला पैसे लागत नाहीत. हिरवं निशाण असेल तर चला, लाल असेल तर बर्फावर पाऊल ठेवायचं नाही, मग तो वरून कितीही टणक दिसो.

आणि हो, बर्फावर जायला स्केटिंग यायलाच हवं असं नाही. कितीतरी लोक साध्या बुटांनी चालतात. आईंसाठी बुटांच्या तळव्याला लावायचे खिळ्यांचे रबरी पट्टे घ्या, इथल्या हार्डवेअरच्या किंवा खेळाच्या दुकानात मिळतात. मागून ढकलायची बसकी गाडीही भाड्याने मिळते. ती मुलांसाठी असते असा समज आहे, पण मी साताऱ्याच्या एका आजींना तिच्यात बसवून नेलंय. मांडीवर घोंगडं, हातात दालचिनी-साखर भुरभुरलेली गरम ‘बीव्हरटेल’, म्हणजे गव्हाच्या पिठाची लांबट तळलेली पोळी. प्रिटोरिया पुलाखाली आल्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली बर्फ तडकल्याचा आवाज आला होता, लांबवर कुणी तार छेडावी तसा. मी म्हटलं, घाबरू नका, थंडीने बर्फ आवळतो तेव्हा असा आवाज येतो. त्या म्हणाल्या, घाबरले नाही, परत येतो का ते ऐकतेय.

आता लॉककडे वळू, कारण तुमच्या बाबांचं खरं ठिकाण तेच आहे.

पार्लमेंट हिल आणि शातो लॉरिए हॉटेल यांच्या मधल्या घळईत आठ लॉकची उतरंड आहे. वर कालवा, खाली ओटावा नदी, मधे २४ मीटरचा फरक. हा फरक आठ पायऱ्यांत वाटलाय. नाव एका पायरीत शिरते, मागचं दार लावतात, वरच्या बाजूच्या झडपा उघडतात, पाणी चढतं, पाण्याबरोबर नाव चढते, मग पुढचं दार उघडतं. पंप नाही, मोटर नाही. दोन बाजूंना दोन माणसं हाताने रहाटासारखं चाक फिरवतात, साखळी ताणली जाते आणि लाकडी दार हलतं. आठही पायऱ्या चढायला नावेला साधारण दीड तास लागतो. १८३२ पासून हे असंच चालू आहे. उत्तर अमेरिकेत सुरुवातीपासून अखंड वापरात असलेला इतका जुना कालवा दुसरा नाही. २००७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं, त्याचं मोठं कारण हेच.

बाबा पहिला प्रश्न विचारतील, पाणी येतं कुठून? उत्तर तयार ठेवा. ओटावा ते किंग्स्टन हा कालवा २०२ किलोमीटरचा आहे, पण त्यातला खणून काढलेला भाग फक्त १९ किलोमीटरच्या आसपास आहे. बाकी सगळ्या नद्या आणि तलाव. कर्नल जॉन बाय या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने १८२६ मध्ये काम हाती घेतलं, तेव्हा खडक फोडत बसण्यापेक्षा जागोजागी बांध घालून पाणी फुगवायचं ठरवलं. धबधबे आणि खळाळ पाण्याखाली गेले, वर नावा चालायला लागल्या. सगळ्यात उंच पाणी वाटेतल्या अप्पर रिडो तलावात आहे. तिथून एकीकडे ते ओटावाकडे उतरतं आणि दुसरीकडे किंग्स्टनकडे. आपल्याकडे धरणातून कालवा निघतो आणि शेतापर्यंत उतरत जातो. इथे माथा मधे आहे आणि दोन्ही बाजूंना पायऱ्या आहेत. ज्याने उभा जन्म नीरा डाव्या कालव्याची आवर्तनं सांभाळली, तो माणूस या रचनेपुढे तासभर उभा राहणार, हे मी लिहून देतो.

हा कालवा शेतीसाठी किंवा व्यापारासाठी काढलाच नव्हता, हेही त्यांना सांगा. १८१२ च्या अमेरिकेबरोबरच्या युद्धानंतर इंग्रजांना भीती होती की पुन्हा लढाई झाली तर सीमेवरची सेंट लॉरेन्स नदी तुटेल आणि रसद अडेल. म्हणून आतल्या बाजूने हा सुरक्षित मार्ग काढला. ते युद्ध पुन्हा झालंच नाही. मजुरांनी मात्र किंमत मोजली. आयरिश आणि फ्रेंच-कॅनेडियन मजूर दलदलीत काम करत होते आणि त्यांच्यात हिवताप पसरला. कॅनडात मलेरिया म्हटलं की पाहुण्यांचा विश्वास बसत नाही, पण सगळी कारणं धरून सुमारे १००० माणसं गेली असा अंदाज दिला जातो. लॉकच्या शेजारी त्यांच्या स्मरणार्थ एक दगडी क्रॉस उभा आहे. मी तिथे पाहुण्यांना दोन मिनिटं थांबवतोच. आणि ज्या अल्गोन्क्विन या मूळनिवासी लोकांच्या भूमीतून हे सगळं गेलं, त्यांनी ती भूमी कधी लिहून दिलेली नाही, हेही तिथेच सांगतो.

डाउज लेक हा तलावही अशाच एका दलदलीचा झालेला आहे. कालव्यासाठी बांध घातला आणि दलदल बुडाली. आज मे महिन्यात त्याच्या काठावर लाखोंनी ट्युलिप फुलतात. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्सची राजकन्या युलियाना इथे आश्रयाला होती. १९ जानेवारी १९४३ रोजी तिला मुलगी झाली. बाळाला जन्माने कॅनडाचं नागरिकत्व लागू नये म्हणून इस्पितळातली ती खोली कॅनडाच्या हद्दीबाहेरची समजण्यात आली. १९४५ मध्ये तिकडून एक लाख ट्युलिपचे कंद आले आणि कंद पाठवण्याची ती रीत अजून सुटलेली नाही. बहर साधारण मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असतो, थंडी लांबली तर पुढे सरकतो. शनिवार-रविवारी जाऊ नका, गर्दीत आईंना बसायला बाक मिळणार नाही. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी सकाळी आठला जा.

उन्हाळ्याबद्दल फार लिहीत नाही, तो सोपा आहे. जूनमध्ये नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, दोन्ही काठांवर सपाट डांबरी वाट आहे, जुलैत मात्र दुपारी दमट उकाडा आणि संध्याकाळी डास. १ जुलैला, कॅनडा डेला, मध्यभागाकडे फिरकू नका. नॅशनल आर्ट्स सेंटरजवळून प्रवासी नावा सुटतात, दीड तासाची फेरी असते. पण ती नाव लॉकमधून जात नाही, हे आधीच माहीत असू द्या. लॉकमधून जाणाऱ्या नावा खासगी असतात, त्या काठावरून बघायच्या.

आणि आता पानगळीनंतरचा काळ. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबर संपेपर्यंत, आणि मार्चच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत, मी पाहुण्यांना ‘येऊ नका’ म्हणतो. पाणी उतरलेलं असतं, तळाचा चिखल उघडा पडतो, काठावर झाडं निष्पर्ण. डिसेंबरात तर साडेचारच्या आत सूर्य मावळतो. ज्यांना चित्रातला कालवा बघायचा आहे, त्यांची घोर निराशा होते.

तुमच्या बाबांना मात्र मी उलट सांगेन. पाणी उतरल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना काठावर घेऊन जा. आपल्याकडे कालवा बंद पडल्यावर माणूस आत उतरून भराव बघतो, अस्तर बघतो, गाळ किती चढलाय ते बघतो. इथे आत उतरता येत नाही, पण काठावरून सगळं दिसतं: दगडी भिंतींवरची पाण्याची रेघ, तळाचा उतार, तळाशी उरलेला निमुळता प्रवाह, गाळात रुतलेली एखादी सायकल. गेल्या वर्षी मी एकटाच बँक स्ट्रीटच्या पुलाखाली उभा होतो. भिंतीच्या एका सांध्यातून बारीक झरा लागला होता आणि त्याच्याखाली हिरवट शेवाळाचा पट्टा उतरला होता, हाताच्या पंजाएवढा रुंद. उन्हाळ्यात तिथे पाच वेळा गेलो असेन, पण ते पाण्याखाली होतं. अशी रेघ बघून भिंतीच्या मागे काय चाललंय हे सांगणारा माणूस सोबत असायला हवा होता, असं तेव्हा वाटलं. तुमचे बाबा तसे आहेत.

म्हणून माझा सल्ला: गणपती आटोपून निघू द्या. अनंत चतुर्दशी कधी सप्टेंबरच्या सुरुवातीला येते, कधी अखेरीला, तरी थँक्सगिव्हिंगच्या आधी पाण्याचा कालवा बघायला आठवडाभर तरी मिळतोच. त्या दिवसांत लॉक चालताना दिसतील आणि त्याच सुमाराला मेपलची पानं लाल होतील. डाउज लेकला लागून वृक्षोद्यान आहे, रंग बघायला गटिनोच्या डोंगरांपर्यंत जायची गरज नाही. मग पाणी उतरलेला कालवा, दिवाळी तुमच्या घरी, आणि जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ धरला तर तोही. परतीचं तिकीट मार्चच्या पहिल्या आठवड्याचं. सहा महिन्यांत कालव्याची तीन रूपं, त्यातली दोन नक्की आणि तिसरं दैवावर. ट्युलिप हुकतील, ते मान्य करावं लागेल.

हे कशावर अवलंबून आहे तेही सांगतो. तुम्ही दोघंही दिवसभर कामावर असाल आणि आई-बाबांना बंद घरात एकटं बसावं लागणार असेल, तर नोव्हेंबर-डिसेंबर त्यांना खायला उठेल. थंडीपेक्षा अंधाराचा त्रास जास्त होतो, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. आईंना दम्याचा त्रास असेल तर उणे २० मधला वारा बाधू शकतो, डॉक्टरांना विचारूनच ठरवा. या दोन्हींपैकी एक जरी लागू असेल, तर हट्ट सोडा आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात बोलवा. पाणी भरलेलं असेल, ट्युलिप मिळतील, लॉक मिळतील, सगळा उन्हाळा मिळेल. बर्फाचा हट्ट पुढच्या खेपेला.

आईंच्या गुडघ्यांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. आठ लॉकची घळई बघायला सुंदर, पण उतरणीची आहे. खाली उतरलं की तेवढंच वर यावं लागतं. त्यांना वरच्या प्लाझा पुलावरूनही उतरंड छान दिसते, तिथेच थांबू द्या आणि बाबांना एकटं खाली जाऊ द्या. दोघांना मिळून लॉक बघायचं असेल तर हार्टवेल्सला न्या. तिथे दोनच लॉक आहेत, जमीन सपाट, आजूबाजूला गवत, गर्दी जवळजवळ नाही. ओ-ट्रेनच्या, म्हणजे इथल्या शहरी रेल्वेच्या, दुसऱ्या मार्गावर कार्लटन स्टेशनला उतरून थोडं चालायचं. तिथून पुढे हॉग्ज बॅकला धबधबा आहे आणि तो बांध, जो बांधकाम चालू असतानाच वाहून गेला आणि पुन्हा उभारावा लागला. बाबांना तिथेही रस वाटेल.

कपड्यांचं एवढंच: तिकडून जाड स्वेटरांची बॅग भरून आणू नका. आतून थर्मल, मधे एक लोकरी, वर वारा अडवणारं लांब जॅकेट, आणि बूट इथेच घ्या. पायात दोन-दोन मोजे कोंबले तर बूट घट्ट होतो, रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गारठतात. एकच चांगला लोकरी मोजा पुरतो.

पहिल्या फेरीसाठी शनिवारची सकाळ निवडा. सप्टेंबर-ऑक्टोबरात आठवड्यातल्या दिवशी नावा कमी येतात, कधी दोन-दोन तास एकही नाही. लॉक चालवणाऱ्यांना विचारलं की पुढची नाव कधी, तर ते आपुलकीने सांगतात, आणि बाबा कालव्यावर नोकरीला होते हे कळलं तर गप्पा लांबतील, दुभाषाचं काम तुम्हाला करावं लागेल. बाबांना अगदी खाली, नदीला लागून असलेल्या पहिल्या लॉकपाशी उभं करा. दाराच्या दोन फळ्या सरळ रेषेत मिटत नाहीत, वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात. असं का, ते त्यांना आधी सांगू नका. नाव आत येईल, फळ्या जवळ येतील, मधल्या फटीतून थोडं पाणी फुसफुसेल, आतली पातळी चढायला लागेल आणि ती फट आपोआप आवळली जाईल. ते त्यांचं त्यांना दिसू द्या.